पोपटांची वरात

हा किस्सा मी पुष्कळांना सांगितला आहे. वर्गात सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला, शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना सांगितला. ऐकणारे नेहमी हसले. पण त्यातली एक गोष्ट मी कधीच कुणाला सांगितली नाही — बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. आज ती सांगायला बसलो आहे. फार मोठ्या निश्चयाने वगैरे बसलो आहे असं समजू नका. थकलो आहे. दोन ओळी लिहिल्या की हात आखडतो. तरी लिहितो, कारण मी गेल्यावर तो किस्सा तेवढा मागे उरेल, आणि तो खोटा आहे.

आधी किस्सा ऐका, मी नेहमी सांगायचो तसा. आमच्या चित्रकलेच्या शेवटच्या परीक्षेला विषय आला होता 'वरात'. दिगंबर नावाच्या एका मुलाने अख्ख्या वरातीला हिरवे चेहरे रंगवले. नवरदेव हिरवा, भटजी हिरवे, ताशेवाला हिरवा, घोडासुद्धा हिरवा. आमचे शिक्षक मास्टरसाहेब चित्रासमोर उभे राहिले, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "क्यों भैया, ये बारात आदमियों की है कि तोतों की?"

बस, एवढाच. हसू आलं ना? येतंच. मी सांगायचोही झकास. मास्टरसाहेबांचा आवाज काढायचो, चष्मा पुसण्याची नक्कल करायचो.

दिगंबर माझा मित्र होता. 'मित्र होता' हे मी किस्सा सांगताना कधी सांगत नसे.

आमचं घर उज्जैनमधलं जुनं. माझे पणजोबा-खापरपणजोबा संस्थानच्या दप्तरात होते, वडीलही तिथेच कारकून झाले. दिगूचे वडील रेल्वेत गार्ड, भुसावळकडून बदली होऊन आलेले. स्टेशनाच्या पलीकडे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचे. आमच्या घरची मराठी ऐकून तो पोट धरून हसायचा. "विन्या, तुझी मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवलेली," म्हणायचा. मला हुजूर म्हणायचा. सकाळी वर्गात शिरलो की कमरेत वाकून मुजरा — "या हुजूर, आज पालखी नाही वाटतं?" मी त्याला गार्डसाहेब म्हणायचो. वर्गात मराठी मुलं थोडी, बाकीची माळव्यातली. आमचं आपसात मराठी चालायचं आणि मध्येच कधी हिंदी सुरू व्हायचं ते आम्हालाही कळायचं नाही.

उज्जैनला विद्यापीठ तेव्हा व्हायचं होतं. होणार, होणार अशी हवा मात्र जोरात होती. आमचे चित्रकलेचे वर्ग एका जुन्या सरकारी इमारतीत भरायचे आणि शेवटी डिप्लोमा मिळायचा. ट्यूबमधले विलायती रंग आमच्यातल्या कुणाला परवडत नसत. गोपाळ मंदिराच्या चौकातल्या पंसाऱ्याकडून आम्ही पुड्या आणायचो — सफेदा, पिवळी माती, गेरू, हिरवी माती, नीळ, काजळ. घरी खलायचं, डिंकाच्या पाण्यात कालवायचं आणि मातीच्या पणत्यांमध्ये भरून वर्गात न्यायचं. दिवाळी झाली की आम्ही घरोघरच्या पणत्या गोळा करत फिरायचो.

आणि दिगूची रेघ! ती कशी सांगू? मी जन्मभर चित्रकला शिकवली, हजारो मुलांच्या वह्या तपासल्या, तशी रेघ पुन्हा पाहिली नाही. तो कागदावर पेन्सिल टेकवायचा आणि जणू कागदात आधीच असलेला बैल फक्त मोकळा करायचा. खोडरबर त्याच्याकडे नसायचंच. माझ्याकडे असायचं. मी नीटस काढायचो, व्यवस्थित काढायचो. मास्टरसाहेब माझ्या चित्रापाशी येऊन "ठीक है" म्हणायचे आणि दिगूच्या चित्रापाशी येऊन काहीच न बोलता उभे राहायचे. त्या न बोलण्याचा मला किती त्रास व्हायचा, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

दुसऱ्या वर्षी, पेन्सिलीनंतर रंग सुरू झाले तेव्हा, एकदा आम्ही दोघेच मंगळनाथाकडे नदीकाठी चित्रं काढायला गेलो होतो. समोर एक तांबडा बैल बसलेला. दिगूने तो पाहता पाहता उतरवला आणि रंग भरायला घेतला. मी डोकावलो तर बैल हिरवा.

"काय रे गार्डसाहेब, हा बैल चारा खाऊन आलाय की चाराच आहे?"

मला वाटलं, तो काहीतरी उलट टोला देईल. तो माझ्याकडे बघत राहिला. मग कागदाकडे. मग म्हणाला, "हिरवा आहे का?"

मी हसलो. तो हसला नाही.

मग त्याने सांगितलं. मॅट्रिकनंतर वडिलांनी त्याला रेल्वेत लावायचं ठरवलं होतं, सगळं जुळलंही होतं. रतलामला डॉक्टरने त्याच्या पुढे रंगीत लोकरीच्या गुंड्या टाकल्या आणि म्हणाला, एकसारख्या रंगाच्या वेगळ्या काढ. याने काढल्या. डॉक्टरने मान हलवून कागद बाजूला सारला. तांबडं आणि हिरवं दिगूला सारखंच दिसायचं, दोन्ही मातकट. घरी येऊन त्याने वडिलांना सांगितलं, छाती कमी भरली.

"बाबा रोज गाडीला तांबडी-हिरवी झेंडी दाखवतात यार," तो म्हणाला. "त्यांना काय सांगू? तुमच्या मुलाला दोन्ही एकच दिसतात?"

"मग चित्रकलेला कशाला आलास?"

"दुसरं काय येतं मला?"

त्याने माझ्याकडून शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही. वर मला कोपर मारून म्हणाला, "आजपासून तू माझा सिग्नल. डाऊन दिलास की गाडी सोडतो."

आम्ही एक पद्धत बसवली. त्याच्या पणत्या नेहमी एकाच क्रमाने मांडायच्या, डावीकडे सफेदा, उजवीकडे काजळ. पणत्यांखाली वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरं — ग म्हणजे गेरू, ह म्हणजे हिरवी. बाकीचे रंग त्याला कळायचे, या दोनांतच घोटाळा. कुठे काय लावायचं ते मी आधी सांगून ठेवायचो: चेहऱ्याला गेरूत सफेदा आणि थोडी पिवळी, सावलीला गेरूत काजळ. कधी खात्री नसली की तो पणती दोन बोटांनी जराशी उचलायचा आणि माझ्याकडे बघून भुवई वर करायचा. मी मान हलवायचो. हो किंवा नाही. इतकं सवयीचं झालं होतं की कुणाच्या लक्षातही येत नसे. मास्टरसाहेबांना वाटायचं, या पोराच्या रंगात फारशी कल्पना नाही, पण चूक नाही.

तीन वर्षं मी त्याला खरंच सांगितलं. हे मी माझ्या बाजूने जमा धरावं म्हणून लिहीत नाही. त्याचा माझ्यावर विश्वास का होता, ते कळावं म्हणून लिहितो.

आता नोकरीचं सांगतो. संस्थान गेलं तेव्हा वडिलांचं खातं मोडलं आणि त्यांच्या हाती अर्धीमुर्धी पेन्शन आली. मग मध्यभारत राज्य झालं, त्यात जरा श्वास घेतो न घेतो तोच तेही मोडणार असं ठरलं. राजधानी भोपाळला जाणार, दप्तरं जाणार, कोणाची नेमणूक टिकेल आणि कोणाची नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. घरी वडील रोज संध्याकाळी हाच विषय काढायचे. राज्य मोडायच्या आत जो सरकारी खुर्चीत बसेल तो बसला, बाहेर राहिला तो राहिला, असं ते म्हणायचे. त्या वर्षी देवास गेटजवळच्या सरकारी शाळेत ड्रॉइंग मास्तरची एक जागा होती. परीक्षेत पहिला येईल त्याला ती मिळणार, हे मास्टरसाहेबांनीच वर्गात सांगितलं होतं. सांगताना ते दिगूकडे बघत होते. निदान मला तसं वाटलं.

म्हणजे नोकरीसाठी केलं का? असं म्हटलं तर सोपं होईल. बाप पेन्शनीत, पोराला नोकरी हवी — समजण्यासारखं आहे. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं परीक्षेच्या दिवशी सकाळी घडलं.

मे महिना होता. आम्हाला बाहेरच्या व्हरांड्यात बसवलं होतं, कारण आत उजेड कमी. विषय मिळाला, वरात. सकाळभर रेखाटन करायचं, दुपारच्या सुट्टीनंतर रंग. दिगू माझ्या डाव्या हाताला होता. मी माझी माणसं एकामागे एक मांडत होतो — पुढे ताशेवाले, मग नवरदेव, मग बायका — जशी वरात असते तशी. सुट्टीच्या थोडं आधी मी मान वळवून त्याच्या कागदाकडे पाहिलं.

त्याने वरात समोरून काढली होती. अंगावर येणारी. मध्यभागी घोडा, बिथरलेला, पुढचे पाय उचललेले, आणि नवरदेव एका हाताने मुंडावळ्या सावरतोय, दुसऱ्याने लगाम. बाजूला एक म्हातारी, पदर तोंडात धरून हसणारी. एक ताशेवाला घोड्याला घाबरून मागे सरकलाय, पण वाजवायचं थांबलेला नाही. त्या घोड्याच्या नाकपुड्या मला अजून दिसतात. सगळं चारपाच रेघांत.

मी माझ्या कागदाकडे परत पाहिलं. तिथे मेलेली माणसं ओळीने उभी होती.

सुट्टीत मी डबा उघडला नाही. दिगूने त्याच्या डब्यातली दशमी माझ्या हातावर ठेवली. "खा हुजूर, रिकाम्या पोटी राज्य जातं," म्हणाला. मी ती खाल्ली.

सुट्टीनंतर गरम वाऱ्याची लू सुटली. व्हरांड्यात कागद फडफडायला लागले, धूळ उडायला लागली, तेव्हा सगळ्यांना आत घ्यायचं ठरलं. चपराशी मोठी परात घेऊन आला आणि एकेकाच्या पणत्या भराभर उचलून आत नेऊन ठेवू लागला. दिगू चित्राची फळी आणि कागद सांभाळत होता. पणत्या आत पोचल्या, पण कशाही. अक्षरं लिहिलेला वर्तमानपत्राचा तुकडा बाहेरच राहिला आणि वाऱ्याने गेला. मी तो जाताना पाहिला. पायाने दाबता आला असता — पण हे कदाचित मी नंतर मनात घातलेलं असेल. त्या एका गोष्टीबद्दल खात्री देता येत नाही. पुढच्याबद्दल मात्र पूर्ण खात्री आहे.

आत आमची जागा पुन्हा शेजारीच होती. दिगूने पणत्या लावायला घेतल्या. सफेदा, काजळ, नीळ, पिवळी — त्या लागल्या. दोन उरल्या. परीक्षा होती, बोलायची बंदी, पर्यवेक्षक दाराशी खुर्ची टाकून बसलेले. दिगूने दोन पणत्यांतली एक दोन बोटांनी जराशी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि भुवई वर केली. गेरू?

त्या पणतीत हिरवी माती होती.

मला ती स्वच्छ दिसत होती. खिडकी माझ्या मागे होती, उजेड पणतीवर पडत होता. मी मान हलवली. हो.

त्याने हसून पणती खाली ठेवली आणि कामाला लागला.

हीच ती गोष्ट. कधीच कुणाला न सांगितलेली. लिहून झाली, आणि हात आखडला म्हणून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो होतो. आता पुढचं.

कारण तुम्ही म्हणाल — एक क्षण होता, गेला तोल, वय होतं. तसं म्हणू नका. क्षण नव्हता तो. अख्खी दुपार होती. त्याने सफेद्यात ती माती मिसळली, थोडी पिवळी घातली, मी शिकवलं होतं तसं. आधी म्हातारीचा चेहरा भरला. मग नवरदेव. मग घोडा. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकेक चेहरा हिरवा होताना पाहत होतो आणि माझ्या माणसांना गेरूचा नीट, योग्य रंग देत होतो. कितीदा तरी त्याने वर पाहिलं. नुसती मान हलवून 'नाही' म्हणालो असतो तरी चित्र वाचलं असतं. वरून गेरू चढवता आला असता. एकदा तर त्याने पाण्याचं भांडं घ्यायला हात लांब केला आणि त्याची बाही माझ्या कागदाला लागली, तेव्हा हळूच "सॉरी यार" म्हणाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा खुसखुसला. दिगूला वाटलं, घोड्याला हसतोय. तो खूश झाला.

चित्रं भिंतीवर लागली तेव्हा काय झालं ते किश्श्यात सांगून झालं आहे. फक्त सगळे हसत असताना दिगूने काय केलं, ते किश्श्यात नसतं. त्याने चित्राकडे पाहिलं — त्याला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं, हे लक्षात घ्या. त्याला चांगलं चित्र दिसत होतं. मग त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होतो.

बाहेरून आलेले परीक्षक चिडले. त्यांच्या मते ही परीक्षेची थट्टा होती. इतकी उत्तम रेघ असणारा मुलगा चेहरे हिरवे करतो म्हणजे मुद्दामच करतो. मास्टरसाहेबांनी विनोद केला खरा, पण त्यांचाही जीव तुटत होता. त्यांनी दिगूला विचारलं. दिगू काही बोलला नाही. खरं सांगितलं तर वडिलांपर्यंत पोचणार. त्यापेक्षा उद्धट ठरणं त्याला बरं वाटलं असावं. मग मास्टरसाहेबांनी मला एकट्याला बोलावलं.

"तू उसका दोस्त है," ते म्हणाले. "सच बोल. ये बदमाशी थी क्या? कोई और बात हो तो मैं परीक्षक से बात करूँगा. एक बार और बिठा देंगे."

मी म्हणालो, "मालूम नहीं, सर."

मग म्हणाले, "जा."

दिगू नापास झाला आणि त्याला पुन्हा बसू दिलं नाही. मी पहिला आलो. देवास गेटजवळची जागा मला मिळाली, राज्य मोडायच्या आत. घरी आईने सत्यनारायण केला. दिगू प्रसादाला आला होता.

पण त्याआधीची एक संध्याकाळ राहिली. निकालाच्या दिवशी आम्ही फ्रीगंजच्या बाजूने चालत स्टेशनकडे गेलो. मला वाटत होतं, आता विचारेल. आता विचारेल. पुलावर तो थांबला.

"विन्या, मनाला लावून घेऊ नको रे," तो म्हणाला. "मीच पणती नीट धरली नव्हती. तुला तिथून दिसली नसेल."

मी म्हणालो, "खिडकीचा उजेड डोळ्यावर येत होता."

"तेच म्हणतो मी." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "सिग्नललापण कधी धुकं लागतं यार."

खिडकी माझ्या मागे होती, हे मी वर लिहिलंच आहे.

पुढे त्याचं काय झालं? फार काही झालं नाही, हेच झालं. वडिलांनी वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला कापडाच्या मिलमध्ये कारकुनी मिळाली आणि तो तिथेच राहिला. लग्न झालं, मुलगी झाली, सुलभा. बायकोला त्याने रंगाचं सांगून टाकलं होतं, आणि मला घरी बोलावून तिच्यासमोर माझी ओळख करून दिली — "हा माझा सिग्नल. याच्या जिवावर मी इतकी वर्षं निभावलं." ती मला जन्मभर भाऊ म्हणाली आणि भाऊबीजेला ओवाळायची. दिगू सुलभाच्या परकराचं कापड घ्यायला निघाला की मला बरोबर न्यायचा. दुकानदारासमोर हळूच कोपर मारायचा. मी खरा रंग सांगायचो.

पेन्सिल त्याने माझ्यासमोर पुन्हा धरली नाही. मी एकदाही म्हणालो नाही की धर.

आणि मी तो किस्सा सांगायला लागलो. सुरुवातीला नाव न घेता. मुलांना सांगायचो, रंग लावण्याआधी पणतीत बघा, नाहीतर पोपटांची वरात होईल. वर्ग हसायचा. मग कधीतरी नाव घेऊ लागलो. दिगू त्याच गावात, दोन मैलांवर मिलमध्ये बसलेला असताना. त्याच्या कानावर गेलं असेल का? उज्जैन तेव्हा एवढंसं होतं. गेलं असेल तर तो माझ्याशी त्याबद्दल कधी बोलला नाही.

तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी रोज जात होतो. बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी नर्स औषध देऊन गेली, तेव्हा त्याने चमच्याकडे बोट करून भुवई वर केली. मी म्हणालो, "तांबडं आहे रे." त्याने डोळे मिटले. मी तिथेच बसलो होतो, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि तेव्हाही मी सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी फ्रीगंजमध्ये माझा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. सुलभाला मीच बोलावलं होतं. ती आता स्वतः निवृत्त झाली आहे, नानाखेड्याला राहते. एका विद्यार्थ्याने व्यासपीठावरून माझी नक्कल करत तो किस्सा सांगितला. नावासकट. चष्मा पुसून दाखवला, अगदी माझ्यासारखा. सभागृह हसलं. मी समोर पाहिलं. सुलभा तिसऱ्या ओळीत होती, तिच्या शेजारची बाई तिच्याकडे वळून हसत होती. ओळखत नसावी.

कार्यक्रमानंतर ती माझ्याजवळ आली. रागावलेली नव्हती. मला वाटतं, रागावायचं की नाही तेच तिला कळत नव्हतं.

"काका, बाबा म्हणायचे, विनायकला सगळं ठाऊक होतं. रंग तोच सांगायचा."

"हो गं."

"बाबा आम्हाला पाटीवर चित्रं काढून दाखवायचे. घोडे वगैरे. आणि लगेच पुसायचे. घरात एकही नाही." तिने माझ्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. "मग हा किस्सा तुम्ही असा का सांगत होतात? त्यांना दिसत नव्हतं, ते का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, "अगं, गंमत म्हणून. मुलांना जरा हसवायला."

"हां," ती म्हणाली. वाकून नमस्कार केला आणि गेली.

त्या दिवसापासून मी दुसऱ्या कशाचा विचार केलेला नाही. गंमत म्हणून सांगत नव्हतो. लोक दिगूला हसत होते तोवर पणतीकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं. दरवेळी हशा पिकला की मला वाटायचं, पुन्हा एकदा सुटलो. एवढंच ते होतं. मला याहून चांगलं कारण सापडलं असतं तर लिहिलं असतं. मी शोधलं पुष्कळ.

हे छापायला देतो आहे. त्याआधी एक प्रत नानाखेड्याला जाईल.

सुलभा, तुझ्या वडिलांनी परीक्षेची थट्टा केली नव्हती. त्यांनी विचारलं होतं आणि मी चुकीचं उत्तर दिलं, जाणूनबुजून. ते त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं चित्र होतं. मास्टरसाहेबांनी मला विचारलं तेव्हा हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. आज मास्टरसाहेब नाहीत, तुझे आजोबा नाहीत, तो नाही. तू आहेस, म्हणून तुला सांगतो आहे.